तळ्यातला झाडू

रक्त तपासणाऱ्यानं आमच्या दोन नळ्या पुठ्ठ्यासमोर धरल्या तेव्हा मी हसत होतो. सुई बघून रुपालीनं डोळे गच्च मिटून घेतले होते, त्यावरून असेल. पुठ्ठ्यावर काळ्या जाड रेघा ओढलेल्या होत्या. नळीतलं पाणी नितळ राहिलं तर पलीकडच्या रेघा दिसतात, गढुळलं तर दिसत नाहीत. एवढीच ती तपासणी, पहिलीतल्या पोरालाही करता येईल अशी. माझ्या नळीतून रेघा दिसल्या नाहीत. रुपालीच्याही नळीतून दिसल्या नाहीत. ‘भाऊ, दोघांच्याबी रेघा गेल्या,’ तो म्हणाला आणि नळ्या खाली ठेवून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. रुपालीला चौथा महिना होता. तिनं डोळे उघडले तेव्हा माझं हसू अजून तोंडावरच होतं, आणि ते आता कुठं ठेवावं मला कळेना.

आतल्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या, इतक्या चांगल्या की मला धास्ती वाटली. त्यांनी आम्हाला बसवलं, टेबलावरचा पंखा आमच्याकडं वळवला. म्हणाल्या, पक्क्या तपासणीसाठी रक्त नागपूरला पाठवू, पण तुम्ही दोघंही वाहक दिसता. तुम्हाला स्वतःला काही होणार नाही. फक्त हा दोष बाळाला आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला तर त्याला सिकलसेल होणार. चारात एक. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला होते, पण ते लवकर ठरवा. रुपालीनं पदर पोटावर ओढून घेतला. ‘तिले सुई टोचू द्याची नाई,’ ती म्हणाली. तेव्हापासूनच ती ‘तिले’ म्हणत होती. मग जन्मल्यावर बघू, बाई म्हणाल्या, पण सहा महिने तरी काही कळायचं नाही, तोवर बाळाच्या अंगात पोटातलंच रक्त असतं. मी मान डोलावली. चारात एक म्हणजे काय ते मी पोरांना फळ्यावर शिकवतो, तोच माझा धंदा. तीन पोरं धडधाकट निघाली म्हणून चौथं आजारी निघेल असं नसतं, आणि पहिलंच आजारी निघालं तर पुढची सुटली असंही नसतं. फाशाला मागचं काही आठवत नाही. पोरं माना डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात.

रुपालीला मागं बसवून मी लुना जटपुरा गेटपर्यंत आणली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. पुढं कोळशाचा ट्रक रखडला होता आणि त्यातून काळी भुकटी झिरपत आमच्या अंगावर येत होती. या चंद्रपुरात सगळंच वरून काळं होतं, वाळत घातलेलं लुगडं, दह्याचं भांडं, नाकावरचा रुमाल, आणि आपण त्याची तक्रारही करत नाही. ट्रक हलला तेव्हा ती माझ्या पाठीशी तोंड नेऊन म्हणाली, ‘तुमच्या झाडूदादाले हेच होतं का?’

झाडूदादा माझा थोरला भाऊ. रुपालीनं त्याला बघितलेलं नाही. आमचं गाव आरमोरीच्या पलीकडं, तलावाच्या काठावर. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे, शिंगाडे लावणारे. मायची आधीची दोन लेकरं चालायला लागायच्या आत गेली. तिसऱ्याच्या वेळी तिनं मरणाला फसवायचं ठरवलं, आणि फसवायची रीत आमच्याकडं ठरलेली आहे. बाळाला उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. शेजारची सुकरी केरसुणी घेऊन येणार, कचऱ्याबरोबर त्यालाही हलक्या हातानं झाडून सुपात भरणार आणि ओरडणार, ‘कोनाचा कचरा हाय हा?’ मायनं म्हणायचं, ‘माहा नाई.’ मग मूठभर तांदूळ देऊन मायनं तो कचरा सुकरीकडून घ्यायचा आणि त्याचं नाव ठेवायचं झाडू. मरण दारात आलं तर त्यानं बघावं की इथं लेकरू नाही, झाडू आहे, आणि तसंच पुढच्या घरी जावं. पुढच्या घरी कोण असेल याचा विचार त्या रीतीत नाही. झाडू जगला. त्याच्या पाठीवर मी झालो तेव्हा माय इतकी निर्धास्त झाली होती की माझं नाव तिनं सरळ धनराज ठेवलं.

दादाचे डोळे पिवळे होते. लहानपणी मला वाटायचं की थोरल्या भावांचे डोळे पिवळेच असतात. थंडी पडली की त्याचे गुडघे, कोपरं, पाठ दुखायला लागायची. गाव त्याला वात म्हणायचं. ते दुखणं आलं की तो ओरडायचा नाही, खाटेची सुतळी दातात धरायचा. त्याच्या उशाकडची सुतळी चावून चावून लोंबायला लागली होती आणि बाप ती दर वर्षी नव्यानं विणायचा. एकदा मी त्याच्या शेजारी बसलो होतो, तर तो सुतळी सोडून मला म्हणाला, ‘धन्या, मायले सांग न, आता मले कचऱ्यात ठेव मनाव.’ मी लहान होतो, मला तो खेळ वाटला. त्या पौषात बापाबरोबर जाळं ओढायला तो गार पाण्यात उतरला आणि त्या आजारातून उठला नाही. मायनं डॉक्टरला दोष दिला नाही, पाण्याला दिला नाही. तिनं शाळेतल्या मास्तरला दिला. मास्तरनं झाडू हे काय नाव म्हणून शाळेत त्याचं नाव सूरज लिहिलं होतं. माय अजूनही सांगते, ‘मास्तर रोज आवाज दे, सूरज, सूरज. आन् थे मरन बाहेर उभं राहून आयकून राह्यलं होतं.’ कॉलेजात गेल्यावर मी तिच्या या बोलण्याला हसायला लागलो. हसायचं मी कॉलेजातच शिकलो.

आता मी अल्ताफच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. अल्ताफ मालक, मशिनी उघडून बसवणारा; मी त्या चालवायला शिकवणारा. उन्हाळ्यात दुपारी चंद्रपुरात चिटपाखरू बाहेर पडत नाही, तेव्हा क्लास ओस असतो, कूलर घरघरत असतो आणि मी माझ्या तळ्याशी बसतो. तळं म्हणजे मीच लिहिलेला एक प्रोग्राम. एका मासिकात वाचलं होतं की लोक कॉम्प्युटरमध्ये जीव वाढवतात. ते खातात, पिल्लं घालतात, मरतात, आणि पिढ्यांमागून पिढ्या बदलत जातात. मला ते भारी वाटलं. निळा पडदा, त्यात चारा, त्यात ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक नाव, कारण पोरांना नाव असलं की मजा येते. पोरं आपापली नावं द्यायची आणि आपला ठिपका मेला की एकमेकांना चिडवायची. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की ठिपके काठाला चिकटून राहायला लागले आहेत, जसे आमच्या तलावातले मासे दगडाखाली राहतात. तसं मी लिहिलं नव्हतं. मी सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या, कुठंच नव्हतं. मधे फिरणारे मरत गेले होते आणि काठावरचे उरले होते, इतकंच. तेव्हा अंगावर आलेला काटा मला आवडला होता, हे विशेष.

त्या नळ्यांनंतर मी प्रत्येक ठिपक्याला दोन अक्षरं दिली, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगली असली तर ठिपका पांढरा, एक खराब असलं तर हिरवा, दोन्ही खराब असली तर पिवळा. पिवळा का, ते मला कुणी विचारलं नाही. दर फेरीला मरण तळ्यातून फिरायचं आणि मधेच एकेकापाशी थांबायचं; थांबलं की तो ठिपका गेला. पिवळ्यापाशी फार थांबायचं. पिवळे मरत गेले, त्यांच्याबरोबर खराब अक्षर कमी होत गेलं आणि तळं पांढरं होत चाललं. मला बरं वाटलं. मग मला हिवताप आठवला. डॉक्टरबाई जाताजाता म्हणाल्या होत्या की तुमच्याकडं हा दोष एवढा आहे कारण तुमच्याकडं हिवताप फार. मी तळ्यात हिवताप घातला. पांढरे पटापट गेले, हिरवे तगले. हिरव्यांनी हिरव्यांशी जोड्या केल्या आणि त्यांच्यातून पुन्हा पिवळे निघायला लागले, थोडे, पण कायम. मी कितीही वेळा चालवलं तरी पिवळे संपेनात. लहानपणी मला आणि शेजारच्या एका पोराला एकाच वेळी हिवताप झाला होता. ते पोर माझ्यापेक्षा अंगानं दांडगं होतं. मी उठून बसलो, ते गेलं. माय म्हणायची, धनराज नशिबाचा. नशीब कसलं, मी हिरवा होतो. ज्यानं मला वाचवलं त्याच्याच दुपटीनं दादाला मारलं होतं. त्या भर दुपारी, खिडकीतून ऊन डोळ्यांत खुपत असताना, मला साधी भीती वाटली. मायचं मरण निदान दारात येऊन कान देणारं होतं, त्याला फसवता यायचं. माझ्या तळ्यातल्या मरणाला कानच नव्हते. ते कुणावर रागावलेलंही नव्हतं.

सातव्या महिन्यात माय आली, देवकाबाई म्हणून आमच्या गल्लीनं तिला दोन दिवसांत ओळखायला सुरुवात केली. येताना तिनं सूप आणलं. रुपालीनं सूप बघितलं आणि तिला सगळं समजलं. ‘माय, मी माही पोट्टी कचऱ्यावर ठेवणार नाई,’ ती म्हणाली. ‘तिचं नाव आचल हाय. ठरलं आमचं.’ मायनं माझ्याकडं बघितलं. ‘इथी उकिरडा कुठी हाय तसाबी,’ मी म्हणालो, विनोद करायचा म्हणून. माय म्हणाली, ‘एवढं गोड नाव काऊन ठेवता रे बाबू? दूरून आयकू येते असं नाव.’ रुपाली पोळ्या लाटत राहिली. मला दोघींचीही बाजू घेता येईना. दवाखान्यात नाव लिहायला लागतं, शाळेत लिहायला लागतं, असं काहीतरी मी बोललो, आणि शाळेचं नाव निघाल्यावर माय उठून बाहेरच जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळ्यात एक पिवळा ठिपका टाकला आणि त्याचं नाव ठेवलं झाडू. मग जिथं मरण एकेकापाशी थांबतं तिथं एक ओळ घातली: नाव झाडू असेल तर पुढं जा. माझ्या वयाच्या, एवढं शिकलेल्या माणसानं ती ओळ लिहिली. लिहिताना मी कुणी येत नाही ना म्हणून जिन्याकडं बघितलं, हेही सांगतो. तळं चालू केलं. मरण आलं, हिरव्यांपाशी थांबलं, पांढऱ्यांपाशी थांबलं, झाडूपाशी आलं आणि पुढं गेलं. पुन्हा आलं, पुन्हा पुढं गेलं. मी कूलरसमोर घामाघूम होऊन बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी आल्यावर मी रुपालीला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली पण. मग भाजी चिरताचिरता म्हणाली, ‘म्हणजे थो मरतच नाई?’ मरत नाही, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी चप्पल काढत होतो तर तिनं विचारलं, ‘झाडू हाय न?’ त्यानंतर ती रोज विचारायची, दूध आणलं का विचारावं तसं, आणि मी रोज म्हणायचो, हाय.

पोरगी झाली. आचल. सगळ्या बायका म्हणाल्या, गोरी आहे, मला मात्र तिची कातडी पिवळी दिसली; नवीन बाळं थोडी पिवळी असतातच, नर्स म्हणाली, उन्हात धरा. मी तिला उन्हात धरून बसायचो आणि तिच्या पापण्या बोटानं उघडून बघायचो, तशी ती किंचाळायची आणि रुपाली ओरडायची, ‘सोडा न तिले!’ पण मी बाजूला झालो की ती स्वतः बघायची. माय गावी परत जाताना पाळण्याखाली एक लहान केरसुणी ठेवून गेली. मला वाटलं, रुपाली ती फेकून देईल. ती त्या केरसुणीच्या भोवतीनं झाडायची. थंडी सुरू झाली तसे आम्ही दोघं वेडे झालो. आचल रडली की आधी तिचे हाताचे पंजे बघायचे, पावलं बघायची, सुजलीत का. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की लहानपणी आधी तिथं सूज येते. दूध हवं म्हणून रडते, ढेकर आली नाही म्हणून रडते, पण आम्हाला प्रत्येक रडण्यात सुतळी चावल्याचा आवाज यायचा, निदान मला यायचा. रुपाली हळूहळू तिला नावानं हाक मारेनाशी झाली. अंगणात घेऊन उभी राहिली आणि कुणी विचारलं, काय नाव ठेवलं, तर म्हणायची, ‘ठेवू निवांत.’

तपासणीच्या आदल्या आठवड्यात अल्ताफनं मला जिन्यातच गाठलं. ‘यार धनराज, तुह्या तळ्यानं मशीन अटकवून ठेवली. कालपासून हलून नाई राह्यली. बघ तं, पूरा पिवळा झाला पडदा.’ मी वर गेलो. निळं कुठंच उरलं नव्हतं. काठापासून काठापर्यंत पिवळं, ठिपक्याला ठिपका खेटून, आणि सगळं थांबलेलं. एकावर बाण नेला, नाव झाडू. शेजारच्यावर नेला, झाडू. चूक माझीच होती. पिल्लू जन्मलं की प्रोग्राम आधी आईबापातल्या एकाची सगळी माहिती उतरवून घ्यायचा, त्यात नावही उतरायचं; झाडूची दोन्ही खराब अक्षरं मी हातानं पक्की केली होती, तीही तशीच उतरायची. झाडूची पिल्लं झाडू, त्यांची पिल्लं झाडू, आणि मरण सगळ्यांना सोडून पुढं जात राहिलं, जायला पुढं कुणी उरलं नाही तोवर. चारा संपला होता, जागा संपली होती, तरी एकही मेला नव्हता. अल्ताफ म्हणाला, ‘काय बनवून ठेवलं बे हे? बघवत नाई.’ त्यानं बटण दाबून मशीन बंद केली. मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. मला ती लोंबलेली सुतळी दिसत होती. माझ्या ओळीनं त्यांचं मरण काढून घेतलं होतं, दुखणं काढलं नव्हतं. दुखणं लिहायचं मला सुचलंच नव्हतं. एवढे सगळे दादा, एकमेकांना चिकटून, आणि एकालाही उठून जाता येत नाही. मले कचऱ्यात ठेव मनाव, तो म्हणाला होता. आता मला कळलं की तो खेळ नव्हता. त्या दिवसापासून मला तळं चालू करायची हिंमत झाली नाही, आणि रुपालीनं विचारलं की मी म्हणायचो, हाय.

तपासणीच्या दिवशी सकाळी, रुपाली आचलला आंघोळ घालत होती तेव्हा, चाव्या द्यायच्या आहेत असं सांगून मी क्लासवर गेलो. मशीन सुरू केली, ती ओळ शोधली, कर्सर तिच्या शेवटाला नेला आणि एकेक अक्षर मागं पुसत आलो. मला वाटलं होतं की आपण काहीतरी शहाणपणाचं करतो आहोत. पोरीच्या रक्तात काय आहे ते तिच्या जन्माच्या आधीच ठरलं, आता बापानं डोकं ठिकाणावर ठेवून ते ऐकायला हवं. नवं तळं चालवलं. पांढरे, हिरवे, आणि खाली काठाला एक पिवळा, नाव झाडू. मरण फिरत आलं. त्याच्यापाशी थांबलं. निळ्या पाण्यात तिथं आता काहीच नव्हतं, बाकीचे फिरत होते. मी मशीन बंद न करताच उठलो. जिना उतरताना शहाणपण कुठल्या कुठं गेलं होतं. परत वर जावं आणि ओळ लिहून ठेवावी असं फार वाटलं, पण घड्याळ बघितलं तर उशीर झाला होता.

लुनावर रुपालीनं पोरीला शालीत एवढं गुंडाळलं होतं की फक्त नाक दिसत होतं. जटपुरा गेटपाशी तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, ‘झाडू हाय न?’ ‘हाय,’ मी म्हणालो.

तोच रक्त तपासणारा होता, तोच पुठ्ठा, त्याच काळ्या रेघा. रेघा दिसल्या तर पोरगी सुटली, नाही दिसल्या तर तिचं रक्त नागपूरला जाणार आणि वाट बघणं पुन्हा सुरू. त्यानं आचलचं बोट पुसलं. सुई लागली तशी ती आधी आश्चर्यानं आमच्याकडं बघत राहिली आणि मग तिनं टाहो फोडला. थेंब नळीत पडला. त्यानं नळीला चिकटपट्टी लावली, कानामागचा पेन काढला आणि मान खाली घालूनच विचारलं, ‘पोरीचं नाव?’

मी तोंड उघडलं होतं. माझ्याआधी रुपाली बोलली, खणखणीत, बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशी.

‘झाडू.’

त्यानं वर बघितलं. ‘बाई, पोरगी हाय न?’

‘पोरगीच हाय. झाडू लिवा.’

त्यानं खांदे उडवले आणि चिकटपट्टीवर लिहिलं. मग नळी हलवून ठेवली आणि म्हणाला, थोडं थांबा, आत्ता कळते. रुपालीनं पोरीला छातीशी धरलं आणि माझ्याकडं बघितलं. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडावर असं समाधान मी बघितलं नव्हतं. बरोबर केलं न मी, असं ती डोळ्यांनी विचारत होती. मी मान हलवली. त्यानं नळी उचलली आणि पुठ्ठ्याकडं नेली, आणि त्या साऱ्या दवाखान्यात एकट्या मला ठाऊक होतं की ती ओळ मी सकाळीच पुसून आलो आहे.